आधी रोडबुक, मग मिसळ: नाशिकच्या नव्या गाडीवेड्यांसाठी

गाडीचा नाद नव्याने लागला की पहिले दहा-पंधरा हजार सायलेन्सरवर जातात. दुसरे मोठ्या अलॉय व्हीलवर. मग कधीतरी ई-चलान येतं, लोअर आर्मचं बुश (चाकाच्या जोडणीतलं रबर) जातं, आणि गाडी आहे तेवढीच पळत असते, फक्त आवाज जास्त. हा क्रमच उलटा आहे. टायर, ब्रेक, शॉकअप, शेजारी बसणारा माणूस आणि सगळ्यात शेवटी इंजिनाची ताकद, या क्रमाने पैसा आणि वेळ घातला तर साध्या स्विफ्टमध्ये किंवा जुन्या आयटेनमध्येही सहा महिन्यांत पहिली रॅली करता येते. तिला टीएसडी म्हणतात. टाइम, स्पीड, डिस्टन्स. या लेखाचा रोख तिकडेच आहे.

काय काय असतं ते एकदा पाहून घ्या

सगळ्यात सोपी रविवार सकाळची सामूहिक ड्राइव्ह. तिथे स्पर्धा नसते. त्यानंतर टीएसडी. ती चालू रहदारीच्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत होते; दिलेल्या सरासरी वेगाने ठरलेल्या सेकंदाला पोचायचं असतं, चुकणाऱ्याचे गुण कापले जातात. तिसरा ऑटोक्रॉस: मोकळ्या मातीच्या मैदानात आखलेल्या वळणांवर एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. तिथे पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे लागतात, आणि क्लच-टायरचा खर्च धरूनच उतरायचं. चौथी स्टेज रॅली. बंद केलेल्या रस्त्यावर, पूर्ण वेगात. त्यासाठी रोलकेज म्हणजे गाडीच्या आत बसवलेला लोखंडी सांगाडा, हार्नेस म्हणजे अंगावरचे जाड पट्टे, अग्निशामक, मान सांभाळणारं हॅन्स उपकरण, पेस नोट्स, म्हणजे पुढच्या वळणांच्या नोंदी, वाचणारा को-ड्रायव्हर आणि एफएमएससीआयचा, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा, स्पर्धक परवाना हवा. नाशिकच्या आसपासच्या मातीवर राष्ट्रीय रॅली मालिकेतली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' झालेली आहे, त्यामुळे इथल्या जुन्या मिस्त्रींना जिप्सी आणि एस्टीम या मारुतीच्या गाड्या रॅलीसाठी कशा बांधायच्या हे नवं नाही. पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये. स्टेज रॅली जवळून बघायची असेल तर मार्शल, म्हणजे रस्त्यावर व्यवस्था बघणारा स्वयंसेवक, म्हणून नाव द्या. जेवण मिळतं, जॅकेट मिळतं, आणि वेगात आलेली गाडी वळणावर नेमकी कशी फसते हे नुसत्या प्रेक्षकापेक्षा नीट दिसतं.

पायरी १: गाडी आहे तशी तपासा

नवीन काही बसवण्याआधी जे बसलेलं आहे ते शाबूत आहे का ते बघायचं. अर्धा दिवस पुरतो. सकाळी, गाडी थंड असताना.

टायरपासून सुरुवात करा. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर नक्षी भरपूर असली तरी ओल्या रस्त्यावर धरत नाही, रबर कडक झालेलं असतं. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर, इगतपुरीच्या पावसासाठी ३ च्या खाली गेलात की बदललेला बरा. मग हाताचा पंजा टायरवरून आडवा फिरवा. कुठे झिजलंय त्यावरून गाडीचं दुखणं कळतं. मधेच जास्त झिजलं असेल तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. फक्त आतली कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय किंवा बुश गेलंय. आणि बोटांना खाली-वर लाटा लागल्या तर शॉकअप गेलेत. अशा टायरवर कितीही वेळा बॅलन्सिंग केलं तरी स्टिअरिंग थरथरतच राहणार. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तोच ठेवा, आणि तो थंड टायरचा असतो. पंपावर पोचेपर्यंत तापलेल्या टायरमध्ये आकडा दोन-तीन पीएसआयने चढतो. ते पाहून हवा काढली की गार झाल्यावर कमी पडते. दोनशे-तीनशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या.

पुढे ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलला तीच हमी १५५ अंशांपर्यंतच असते. पेठ रोडचा सावळ घाट किंवा कसारा उतरताना पाय ब्रेकवरच ठेवून आलात की कॅलिपर तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी कितीही कमी चाललेली असो. पॅड ३ मिलिमीटरपर्यंत आले की बदला. घाटात ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. हे फुकट आहे आणि कुठल्याही महाग पॅडपेक्षा जास्त कामाचं.

खालची बाजू गॅरेजच्या लिफ्टवर घेऊन बघा. ब्रेकरवरून जाताना कटकट आवाज येत असेल तर लोअर आर्मचं बुश किंवा बॉल जॉइंट, नुसती खडखड असेल तर बहुधा लिंक रॉड. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला की दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे, एकच नाही. बॅटरीचे टर्मिनल, कूलंटची पातळी, बेल्टला गेलेले तडे आणि एअर फिल्टर, यांना पाच मिनिटं. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्याचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाच्या अर्ध्यात भरतो.

शेवटचं: घरासमोर एकदा स्वतः चाक बदला. स्टेपनीत हवा नाही, पाना घसरतोय, जॅक कुठे लावायचा माहीत नाही, हे सगळं हरसूलच्या पलीकडे कळण्यापेक्षा घरी कळलेलं चांगलं. टायरवाल्याने एअर गनने आवळलेले नट बऱ्याचदा हातपान्याने सुटत नाहीत. ते एकदा सोडवून टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याला आवळून घ्या.

पायरी २: सकाळची ड्राइव्ह

नाशिकचं भाग्य असं की शहरातून कुठल्याही दिशेला तासाभरात वळणाचा रस्ता लागतो. त्र्यंबकवरून जव्हारकडे, गिरणारे-वाघेरा-हरसूल, घोटीवरून भंडारदरा, वणीवरून सापुतारा, पेठ रोडने सावळ आणि कोटंबी घाट. निघायची वेळ पहाटे साडेपाच-सहा, परतायची दहा. त्यानंतर रस्ता गावकऱ्यांचा, एसटीचा आणि भाविकांचा असतो. श्रावणी सोमवारी त्र्यंबक रस्ता सोडून द्या, त्या दिवशी तो चालणाऱ्यांचा आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी कामं निघालेली असल्याने ठरवलेला रस्ता आदल्या दिवशी एकाने पाहून यावा.

सहा ते आठ गाड्या पुरे. पुढे रस्ता माहीत असलेला, सगळ्यात मागे सगळ्यात अनुभवी. मागचा हा 'झाडू': त्याच्या मागे कोणी राहायचं नाही आणि पंक्चर झालेल्याजवळ तो थांबतो. मधल्यांनी एकमेकांना ओलांडायचं नाही. वळणाचा नियम एकच: ज्या फाट्यावर वळलात तिथे मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबा. सगळ्यांनी तेवढं पाळलं तर कोणी हरवत नाही आणि हरसूलच्या बाजूला फोनला रेंज नसली तरी बिघडत नाही. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावून मिरवू नका. मागच्याला तुम्ही वळताय की थांबताय हे कळत नाही.

पहाटेचा इथला खरा धोका कांद्याची ट्रॉली. लासलगाव-पिंपळगावकडे निघालेल्या ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर मातीने झाकलेला, आणि धुक्यात तो पन्नास मीटरवर येईपर्यंत दिसत नाही. भातलावणीच्या दिवसांत घोटी-त्र्यंबक पट्ट्यात चिखल्या (चिखलणीची लोखंडी चाकं) लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर गाळ सांडून जातात. कोरडं डांबर आणि मधेच चार मीटर गाळ. वळणात तो लागला की ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ ठेवून गाळ ओलांडा आणि मग दाबा. हे करायला जागा उरावी इतक्याच वेगाने वळणात शिरायचं असतं.

डिकीत काय हवं: बारा व्होल्टचा हवा भरायचा पंप, ट्यूबलेसचं पंक्चर किट, टोचन दोर आणि गाडीबरोबर आलेला हुक, जंपर केबल, त्रिकोण, टॉर्च, दोन लिटर पाणी. निघण्याआधी टाकी भरलेली. आठ गाड्यांनी वाटेत एकेक करून पेट्रोल भरायला घेतलं की सकाळ संपते.

गटात रेस लावायची टूम कोणीतरी काढतोच. समृद्धीवर, नव्या बायपासवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडापेक्षा विमा मोठा विषय: साध्या गाडीच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांतलं नुकसान वगळलेलं असतं. टीएसडीला नाव देण्याआधीही विमा कंपनीला लेखी विचारा. रॅलीसाठी वेगळं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोड, घेता येतं.

पायरी ३: पैसा घालायचा तर कुठे

पहिला पैसा चांगल्या टायरवर. आकार बदलायचाच असेल तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ येतो, त्याचा व्यास साधारण ६२० मिलिमीटर. वरच्या मॉडेलच्या १८५/६५ आर१५ चा ६२१.५. फरक नगण्य, म्हणून हा बदल निर्धोक. हिशेब असा (१६५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० ही टक्केवारी, १४ हे रिमचे इंच): रुंदी गुणिले टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचे इंच गुणिले २५.४. दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे गेलात की मीटर खोटं बोलतं, एबीएसचा अंदाज बिघडतो आणि वळणात टायर लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराला) घासतो.

दुसरा पैसा शॉकअप आणि बुशवर, कंपनीचेच. गाडी खाली बसवायची हौस सगळ्यांना असते आणि कोणीतरी स्प्रिंग कापून द्यायला तयारच असतो. कापू नका. कापलेली स्प्रिंग कडक होते, तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक खड्ड्यात लोंबकळलं की ती जागेवरून सुटते, आणि शॉकअपचा प्रवास संपून तो तळाला आपटत राहतो. त्यात नाशिकचे ब्रेकर. ऑइल सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) फुटण्याचा खर्च स्प्रिंगच्या संचापेक्षा जास्त असतो.

रिमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल. साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात त्याने हाताला लागेल असं फारसं काही मिळत नाही. पैसे वाचवा. टर्बो डिझेलमध्ये मिळतं. १२४८ सीसीचं जे १.३ मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर देत होतं, त्याचा टॉर्क सॉफ्टवेअरने चांगलाच चढतो. पण तो पहिल्यांदा क्लचला जाणवतो. चाचणी सोपी: मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला पेडल पूर्ण दाबा. काटा वर पळाला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच घसरतोय. अशा गाडीला रिमॅप म्हणजे आधी क्लचचं बिल. एक्झॉस्टमधून काळा धूर यायला लागला तर डिझेल जास्त जातंय, ट्यूनरकडे परत जा. आणि डिझेल फवारणारे नोझल जुने असतील तर रिमॅपआधी ते तपासून घ्या. सातपूरला बॉशचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना असलेल्या गावात डिझेल पंपाचे जाणकार शोधायला लांब जावं लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. समोरचे लोखंडी बुलबार डिसेंबर २०१७ पासून बंद आहेत. रंग बदलला किंवा सीएनजी किट बसवलं तर पेठ रोडच्या आरटीओत आरसी बुकावर नोंद लागते. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला तर चेक इंजिन दिवा लागतो, पीयूसीत गाडी नापास होते, आणि आवाज-धुराच्या कलमाखाली दहा हजारांपर्यंत दंड वेगळा. गंगापूर रोडच्या रहिवाशांनी रात्री अकराला दिलेल्या शिव्या त्यात धरलेल्या नाहीत.

पायरी ४: टीएसडी

दोन माणसं लागतात. एक गाडी चालवतो, एक वाचतो आणि हिशेब करतो. नव्या जोड्या चांगला ड्रायव्हर शोधत बसतात. शोधायचा असतो तो नॅव्हिगेटर. चालत्या गाडीत खाली बघून वाचताना ज्याला मळमळत नाही आणि चूक झाल्यावर जो आवाज चढवत नाही, असा माणूस धरून ठेवा. मळमळीचा प्रश्न खरा आहे. सकाळी हलकं खा. मिसळ रॅली संपल्यावर.

आयोजक सुरुवातीला दोन गोष्टी देतात. रोडबुक: प्रत्येक ओळीत सुरुवातीपासूनचं अंतर, मागच्या खुणेपासूनचं अंतर, आणि ट्युलिप म्हणजे फाट्याचं छोटं चित्र. त्यात खालचा ठिपका म्हणजे तुम्ही, बाणाचं टोक म्हणजे जायची दिशा. बाजूला 'मंदिर डावीकडे', 'पूल' असा शब्दभर मजकूर. दुसरा वेगाचा तक्ता: कुठल्या किलोमीटरपासून कुठल्यापर्यंत सरासरी किती. वाटेत लपवलेले टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवणाऱ्या चौक्या, असतात. तिथे ज्या सेकंदाला पोचायला हवं त्याच्या आधी किंवा नंतर पोचलात की दंड. लवकर पोचण्याला उशिरापेक्षा जास्त दंड अनेक स्पर्धांत असतो, त्यामुळे नियमावली आदल्या रात्री दोघांनी वाचा. कंट्रोल दिसल्यावर रस्त्यात थांबून वेळ काढणंही बहुतेक ठिकाणी चालत नाही. मोबाइल ॲप चालतं की नाही, तेही त्यातच लिहिलेलं असतं.

हिशेब एका ओळीचा आहे: ३६०० भागिले वेग म्हणजे एका किलोमीटरला लागणारे सेकंद. ३६ ला १००, ३० ला १२०, ४० ला ९०, ४५ ला ८०, २४ ला १५०. हे पाच आकडे पाठ करा.

आता मीटर. तुमचं मीटर आणि आयोजकाचं मीटर कधीच जुळत नाही, आणि नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. १८५/६५ आर१५ टायर नवा असताना नक्षी साधारण आठ मिलिमीटर, झिजून दोन राहिली की व्यास जवळपास दोन टक्क्यांनी घटतो. चाक जास्त फेरे मारतं, मीटर जास्त दाखवतं. साडेतेवीस किलोमीटरमागे हा फरक साडेचारशे मीटरच्या आसपास जातो. ३६ च्या वेगाला म्हणजे ४५ सेकंद. म्हणून आयोजक सुरुवातीला मोजलेला एक टप्पा देतात. समजा तो १०.०० किलोमीटरचा आहे आणि तुमच्या ट्रिप मीटरवर (शून्य करून अंतर मोजायच्या मीटरवर) १०.३० आले. तर तुमचा गुणक १.०३. रोडबुकातल्या प्रत्येक अंतराला त्याने गुणा आणि आपल्या मीटरवर काय दिसेल ते पेन्सिलीने शेजारी लिहा. मोजताना दोघंही गाडीत हवेत, टायर आठ-दहा किलोमीटर चालून तापलेले हवेत, आणि वळणं कापू नका.

एक नमुना. सुटायची वेळ ७:१२:००. तक्ता असा: ० ते ८.०० किलोमीटर ३६ ने, ८.०० ते १४.५० पर्यंत ३० ने, १४.५० ते २३.५० पर्यंत ४५ ने.

पहिला टप्पा ८ गुणिले १०० म्हणजे ८०० सेकंद, १३ मिनिटं २० सेकंद. दुसरा साडेसहा गुणिले १२०, ७८० सेकंद, बरोबर १३ मिनिटं. तिसरा ९ गुणिले ८०, ७२० सेकंद, १२ मिनिटं. नॅव्हिगेटरच्या कागदावर मग हे उतरतं:

८.०० – मीटरवर ८.२४ – ७:२५:२०
१४.५० – मीटरवर १४.९३ – ७:३८:२०
२३.५० – मीटरवर २४.२० – ७:५०:२०

अधल्यामधल्या प्रत्येक किलोमीटरची वेळही अशीच लिहून काढा, सुटण्याआधी, गाडी उभी असताना. साध्या ट्रिप मीटरला दशांशाचा एकच आकडा असतो. ३६ ला शंभर मीटर म्हणजे दहा सेकंद. म्हणून आकडा बदलतो त्या क्षणी घड्याळ बघायचं, आधी-नंतर नाही. घड्याळ सेकंद दाखवणारं हवं आणि ते सुरुवातीच्या टेबलावरच्या घड्याळाला लावून घ्यायचं. फोनची वेळ बरोबर असेल, पण इथे बरोबर म्हणजे आयोजकाची.

गाडीत बोलायचं काय? फार थोडं. नॅव्हिगेटर म्हणतो, "सहा मागे." ड्रायव्हर थोडा वाढवतो. "दोन मागे. शून्य. ठेव." पुढे, "चारशे मीटरवर डावा, पुलानंतर." ड्रायव्हरने प्रश्न विचारायचे नाहीत, नॅव्हिगेटरने रस्त्याबद्दल सल्ला द्यायचा नाही. ३६ ची सरासरी म्हणजे काटा ३६ वर धरणं नव्हे. गावात, ब्रेकरवर, शेळ्या आडव्या आल्या की वेळ जाणारच, तो मोकळ्यावर भरून काढायचा. वीस सेकंद मागे असाल तर ४० ने चालवा, किलोमीटरला दहा सेकंद मिळतात, दोन किलोमीटरमध्ये बरोबर. एकदम ७० मारून भरून काढणारे पुढच्या वळणामागच्या कंट्रोलवर पंधरा सेकंद लवकर पोचतात.

फाटा चुकला तर? चुकणारच. ट्युलिपशी रस्ता जुळत नाही असं वाटताच थांबा, मीटर वाचा. फाट्यापासून ०.९ पुढे आला असाल तर परत फाट्यावर येईपर्यंत मीटरवर १.८ फुकट चढलेले असतील. कागदाच्या वर ठळक लिहा: वजा १.८. इथून पुढे मीटर वाचताना दरवेळी तेवढे वजा. ट्रिप शून्य करू नका, सगळा हिशेब जाईल. आणि तीन मिनिटं गेली असतील तर गेलेल्या वेळेचा पाठलाग सोडा. १८० सेकंद ३६ च्या टप्प्यात ४५ ने चालवून भरायला नऊ किलोमीटर लागतात. तेवढ्या घाईत दुसरा फाटा चुकतो.

सराव घरचाच. गिरणारे-वाघेरा-हरसूल-त्र्यंबक असं वर्तुळ एका जोडीने आधी फिरून रोडबुक लिहावं, दुसरीने पुढच्या रविवारी त्यावर चालवून बघावं. लिहिणारा जास्त शिकतो. ट्युलिप काढताना आपल्या लक्षात येतं की 'मोठ्या झाडाशी उजवा' हे वाक्य हरसूलच्या रस्त्यावर किती निरुपयोगी आहे.

रॅलीच्या दिवशी परवाना, आरसी, विमा, पीयूसी मूळ कागद घेऊन जा. तपासणीत दिवे, वायपर, हॉर्न, बॅटरीचा क्लॅम्प, त्रिकोण, पट्टे बघतात. सुट्या वस्तू, अगदी पाण्याच्या बाटल्यासुद्धा, बांधून ठेवा. पेडलखाली गेलेल्या बाटलीला नियम माहीत नसतात. नॅव्हिगेटरकडे क्लिपबोर्ड, दोन पेन्सिली, साधा कॅल्क्युलेटर, टॉर्च आणि हायलायटर. वेग बदलतो त्या ओळी आधीच रंगवून ठेवा.

निकाल लागल्यावर

आपला क्रमांक पाहून लगेच निघू नका. प्रत्येक कंट्रोलवरचे सेकंद मागून घ्या आणि मिसळीच्या टेबलावर कागद पसरा. चूक कुठल्या जातीची होती ते आकडेच सांगतात.

उशीर अंतराबरोबर वाढत गेला असेल, म्हणजे वरच्या नमुन्यात ८, मग १६, मग २३ सेकंद, तर गुणक चुकला. वेळेचा एक टक्का जातोय, १.०३ ऐवजी १.०४ हवा होता. सगळीकडे सारखाच फरक असेल तर घड्याळ चुकीचं लावलं. एका ठिकाणापर्यंत ठीक आणि तिथून पुढे सगळीकडे तेवढाच फरक, तर एकतर चुकलेल्या फाट्याचे वजा करायचे राहिले किंवा वेगाचा एक बदल वाचायचा राहिला; त्या ठिकाणाच्या आसपासच्या ओळी तपासा. कधी पुढे, कधी मागे, काही ताळमेळ नाही, तर नॅव्हिगेटर उशिरा बोलतोय किंवा ड्रायव्हरचा पाय जास्त चालतोय. फक्त घाटानंतरच्या कंट्रोलवर उशीर असेल तर चढावर कमी पडलेला वेळ उतारावर काढू बघितला असणार. चाकाजवळ जाऊन ब्रेकचा जळका वास येतोय का ते बघा आणि पुढच्या वेळी चढ सुरू होण्याआधीच्या मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन सेकंद पुढे राहा.

त्या कागदावर त्या दिवशीचा टायरचा दाब आणि गुणक लिहून तो ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. नवे टायर बसवले की तो गुणक बाद. पुन्हा दहा किलोमीटर मोजायचे.